घरच्या माणसांवर पहिली शॉर्टफिल्म करताना

कुटुंब, आपली संस्कृती, आपण नक्की कुठले, या विषयावर पहिली शॉर्टफिल्म करू पाहणारी मंडळी माझ्याकडे संहिता घेऊन येतात, तेव्हा त्यात एक वाक्य हमखास सापडतं: "मी ना इथला, ना तिथला." बोलणारं पात्र बहुतेक वेळा खिडकीबाहेर बघत असतं. मी ते वाक्य आधी खोडायला सांगते. लिहिणाऱ्याने ते खरंच अनुभवलेलं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण नुसतं ऐकून प्रेक्षकापर्यंत काही पोचत नाही. त्याऐवजी तोच माणूस कामाच्या फोनवर आपलं नाव एका उच्चाराने सांगतो आणि दोन मिनिटांनी आईने वेगळ्याच उच्चाराने मारलेल्या हाकेला "ओ" देतो, एवढंच दाखवा. बघणारा लगेच सावरून बसतो.

हातात बरा फोन आहे, घरची माणसं आहेत आणि दोन-तीन महिने सुट्टीचे किंवा संध्याकाळचे मिळणार आहेत, एवढं धरून पुढचं सगळं सांगते आहे.

आधी प्रसंग, मग विषय

'ओळख', 'मुळं', 'आपलेपण' हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पान उलटा. महोत्सवाचा अर्ज भरताना ते लागतील. पुढच्या पानापासून आठवडाभर फक्त बघितलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. घरात कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं? भांडताना भाषा बदलते का? परक्या माणसासमोर कोणाचा आवाज खाली येतो? पाहुणे येणार म्हटल्यावर कोणती वस्तू आतल्या खोलीत जाते? इतकी घरं बदलली, त्यात कोणती गोष्ट टाकली गेली नाही, आणि ती कोणी टाकू दिली नाही? अर्थ लावत बसू नका. "बाबांना न्यूनगंड आहे" असं न लिहिता "बाबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून ठेवला" असं लिहा.

आठवड्याने वही वाचा. जी नोंद कोणाला वाचून दाखवायला जीभ रेटत नाही, तिच्यात फिल्म असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

एक नोंद धरून पुढे जाऊ, म्हणजे माझं सांगणं हवेत राहणार नाही. समजा, एक वडील आहेत आणि त्यांची अकरा-बारा वर्षांची मुलगी. कुटुंब दुसऱ्या भाषेच्या मुलखात येऊन राहिलं आहे. मुलीला शाळेमुळे तिथली भाषा चांगली येते, वडिलांना जेमतेम. दोघं एका कार्यालयाच्या खिडकीशी उभी आहेत. खिडकीमागचा माणूस काहीतरी तोडून बोलतो. वडील विचारतात, "काय म्हणाले?" मुलगी म्हणते, "एक कागद कमी आहे म्हणतायत." तो बोलला होता त्याहून बरंच जास्त. मुलीने अपमान गाळला आणि कामाचं तेवढं वडिलांपर्यंत पोचवलं. माणसं जिथे जिथे घर सोडून गेली, तिथे तिथे मुलांनी हे केलेलं आहे, आजही करतात.

या एका मिनिटात कुटुंब आहे, भाषा आहे, आणि कोणी कोणाला सांभाळायचं याची उलटापालट आहे. पहिल्या फिल्मला एवढं पुष्कळ झालं. तीन पिढ्या, दोन देश, एक लग्न आणि एक मृत्यू असा आराखडा तुमच्याकडे असेल तर तो नीट जपून ठेवा, पुढे कामाला येईल. आत्ता खिडकी.

नट की घरची माणसं

हाच प्रसंग दोन रस्त्यांनी करता येतो. एक, संहिता लिहून, नट घेऊन काल्पनिक फिल्म. दुसरा, आता मोठी झालेली ती मुलगी स्वतः बोलते आहे असा माहितीपट. नवख्यांना माहितीपट सोपा वाटतो, कारण जुळवाजुळव कमी असते. पण त्याची सगळी मेहनत संकलनाच्या टेबलावर येऊन पडते. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी पाच-सहा तासांचं फुटेज चाळावं लागतं. काल्पनिक फिल्मचं उलटं. तिथे शूटच्या आधी घाम गाळावा लागतो, एडिट मात्र बऱ्यापैकी सरळ जातं.

माझं मत विचाराल तर घडून गेलेला, दुखावणारा प्रसंग खऱ्या माणसाकडून पुन्हा करवून घेऊ नका. त्या वडिलांना परत त्या खिडकीशी उभं करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. त्यांना आठवू द्या, सांगू द्या. चित्र त्यांच्या हातांचं, रिकाम्या खुर्चीचं, कागदांच्या फाइलचं असू द्या. प्रसंगच दाखवायचा असेल तर नट घ्या.

घरच्यांचा होकार

घरची माणसं "कर की, त्यात काय विचारायचं" म्हणतात. तो होकार प्रेमाचा असतो, फिल्मचा नसतो. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: मी तुझं बोलणं रेकॉर्ड करू का, त्यातलं फिल्ममध्ये वापरू का, आणि ती फिल्म कुठे कुठे दाखवू. घरच्यांपुरती, महोत्सवात, की कोणालाही दिसेल अशी इंटरनेटवर? तिन्हीची उत्तरं वेगळी येऊ शकतात. ती एका कागदावर त्यांना समजणाऱ्या भाषेत लिहा आणि खाली सही घ्या. सख्ख्या आईकडून सही घेताना विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. तरी घ्या. महोत्सव आणि प्रसारक ही संमतिपत्रं मागतात, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे कागद समोर आला की माणूस पहिल्यांदा नीट विचार करतो.

मूल पडद्यावर असेल तर पालकांची लेखी संमती लागतेच, पण मुलाला स्वतःलाही विचारा. ते वीस वर्षांचं होईल तेव्हाही ही फिल्म शोधल्यावर सापडणार आहे. शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह, घराचा पत्ता, पासपोर्टचा किंवा परवान्याचा क्रमांक फ्रेममध्ये येऊ देऊ नका. कागदपत्रांवर बेतलेल्या फिल्ममध्ये हे फार सहज घडतं. क्लोजअपसाठी खोटे क्रमांक घातलेला कागद तयार करून घ्या.

आणि जे फिल्ममध्ये नाहीत, पण ज्यांच्याविषयी बोललं जातं, त्यांचं काय? माझ्या एका फिल्ममध्ये मावशी तिच्या थोरल्या भावाविषयी एक वाक्य बोलून गेली होती. तो हयात नव्हता, त्याची मुलं होती. कच्चं एडिट दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली, "तेवढं काढ गं." मी दोन दिवस तिच्याशी वाद घातला. मग काढलं. ते वाक्य फिल्ममधलं सगळ्यात जोरकस वाक्य होतं असं मला अजूनही वाटतं, आणि ते काढलं याचं मला अजूनही बरं वाटतं. ज्याची गोष्ट आहे त्याला एडिट पक्कं होण्याआधी ते दाखवायचं, आणि त्याने "काढ" म्हटलं तर काढायचं, हे तुम्ही शूटच्या आधीच स्वतःशी ठरवून टाका.

संहिता लिहिताना तीन रकाने

रूढ मांडणीत लिहिलेल्या पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा हिशोब धरतात. तेव्हा आठ मिनिटांच्या फिल्मला आठ पानं. पण दोन भाषांमध्ये घडणारी फिल्म असेल तर त्याआधी मी एक तक्ता करायला लावते. कागद आडवा धरा, तीन रकाने आखा: काय बोललं गेलं, समोरच्याला काय कळलं, प्रेक्षकाला काय कळलं.

आपल्या खिडकीचा प्रसंग यात घालून बघा. पहिल्या रकान्यात अधिकाऱ्याचं पूर्ण वाक्य: "दरवेळी लेकराला पुढे करून येतात, स्वतःला एक अक्षर बोलता येत नाही. पत्त्याचा पुरावा नाही, तो घेऊन या." दुसऱ्या रकान्यात वडिलांना कळलेलं: आवाज चढला आहे, काहीतरी कमी आहे. तिसरा रकाना तुम्ही ठरवायचा. तो रिकामा समोर असला की कळतं, फिल्म कुठे उभी आहे. प्रेक्षकाला मुलीइतकं कळू द्यायचं, की वडिलांइतकं?

संवाद तिथले तिथे, माणसं जशी बोलतात तसेच लिहा. दोन भाषांच्या घरात वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपतं, रागावताना एक भाषा येते, आकडे मोजताना दुसरी. सगळं एका शुद्ध भाषेत आणलंत तर घरच नाहीसं होईल. तुमच्या वहीत ही वाक्यं आहेत, ती घ्या.

सबटायटल शेवटी नाही, आत्ताच

बहुतेक जण सबटायटल एडिट झाल्यावर, घाईत, एका बैठकीत उरकतात. या प्रकारच्या फिल्ममध्ये तो दिग्दर्शनाचा भाग आहे, म्हणून मी त्यावर इथेच जास्त वेळ घालवणार आहे.

तोच प्रसंग, तेच शॉट, तीन प्रकारे बघा. पहिला प्रकार: सगळ्यांच्या बोलण्याला सबटायटल. प्रेक्षकाला अपमान कळला आहे, आता तो मुलीच्या चेहऱ्याकडे बघतो, ही हे बाबांना सांगणार का? दुसरा प्रकार: फक्त बाप-लेकीच्या बोलण्याला सबटायटल, अधिकाऱ्याच्या बोलण्याला काहीच नाही. ती भाषा न येणारा प्रेक्षक आता वडिलांच्या शेजारी उभा आहे. त्यालाही फक्त चढलेला आवाज ऐकू येतो, आणि मुलीचं उत्तर फारच छोटं आलं एवढंच जाणवतं. तिसरा प्रकार: अधिकाऱ्याच्या बोलण्याला सबटायटल, बाप-लेक बोलतात ते तसंच. आता प्रेक्षक खिडकीच्या आतल्या बाजूला गेला आहे आणि बाहेरची ही दोघं त्याला परकी दिसतायत. एकही शॉट न बदलता प्रेक्षकाची जागा तीनदा बदलली. आपण कोणाचे, हा प्रश्न संवादात न आणता प्रेक्षकाच्या अंगावर आणण्याची याहून साधी युक्ती मला ठाऊक नाही.

मी स्वतः दुसरा प्रकार निवडेन, आणि शेवटच्या मिनिटात मुलगी रात्री एकटी असताना अधिकाऱ्याचं ते वाक्य तिच्या डोक्यात पुन्हा ऐकवेन, तेव्हा पहिल्यांदाच सबटायटलसकट.

आता त्याचं तंत्र. एका वेळी दोनच ओळी. रोमन लिपीत एका ओळीत साधारण ४२ अक्षरं ही रूढ मर्यादा आहे. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरं यांमुळे अक्षर थोडं मोठं ठेवावं लागतं, म्हणून ओळी आणखी आखूड करा. एक सबटायटल किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात सेकंद. शक्यतो कटच्या, म्हणजे शॉट बदलतो त्या जागेच्या, पलीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर वाचणारा तेच पुन्हा वाचायला लागतो. दोन भाषा वेगळ्या ओळखू याव्यात असं वाटत असेल तर एका भाषेला तिरपा टाइप द्या; रंगीबेरंगी अक्षरांनी चित्र बिघडतं.

नात्यांचे शब्द भाषांतरित करू नका. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघी इंग्रजीत एकाच 'आंटी'त जाऊन बसतात, आणि कोण कोणाच्या बाजूची हे नाहीसं होतं. 'मावशी' हा शब्द तसाच लिहा. परभाषक प्रेक्षकाला दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो कळतो.

लांबी

ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपटात बसते, फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत मर्यादा १५ मिनिटांची आहे. पहिल्या फिल्मला सात ते दहा मिनिटं ठीक. संपवा लवकर.

कॅमेरा कोणाच्या उंचीवर

फोनने शूट करत असाल तर आधी सेटिंग. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २४ किंवा २५, एकच ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर माणूस हलला की चेहरा उजळतो-काळवंडतो. शटर १/५० सेकंद ठेवलं की हालचाल डोळ्याला स्वाभाविक दिसते. ट्यूबलाइट किंवा एलइडीखाली चित्र लुकलुकत असेल तर तुमच्याकडची वीज किती हर्ट्झची आहे ते बघा: ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. फोनचं स्वतःचं कॅमेरा अॅप पुष्कळदा फ्रेमरेट मनाने कमीजास्त करतं, त्यामुळे पुढे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज ओठांपासून सरकत जातो. फ्रेमरेट स्थिर ठेवणारं अॅप वापरा. विमान मोड चालू करा.

मग खरा प्रश्न. आपल्या फिल्ममध्ये कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. ट्रायपॉड खाली करा आणि बघा काय दिसतं: खिडकीचा लाकडी कठडा तिच्या हनुवटीशी येतो. अधिकाऱ्याचा चेहरा दिसतच नाही. दिसतो त्याचा हात, शिक्का, आणि परत सरकवलेला कागद. वडिलांचा चेहरा वर आहे, तो बघायला मान वर करावी लागते. त्यांचा हात मात्र तिच्या अगदी जवळ आहे, फाइलच्या कडेला अंगठा घासणारा. मोठ्या माणसाच्या उंचीवरून हाच प्रसंग घेतलात तर एका तक्रारीची फिल्म होते. खालून घेतलात तर मुलीची होते.

पाच शॉट पुरे: दोघं रांगेत, मागून; कठड्याच्या उंचीवरून अधिकाऱ्याचा हात; मुलीचा चेहरा, बराच वेळ धरलेला; वडिलांचा अंगठा; आणि कार्यालयाच्या बाहेर पायऱ्यांवर दोघं, दुरून. मुलगी आणि खिडकी यांच्यात एक काल्पनिक रेघ ओढा आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे कोण कोणाकडे बघतंय याचा गोंधळ होत नाही. मुलीच्या चेहऱ्याचा शॉट सगळ्यात आधी घ्या, ती ताजी असताना. बालकलाकार पाचव्या टेकनंतर थकतात आणि तुम्हाला जे हवं आहे ते पहिल्या तीन टेकमध्येच मिळून गेलेलं असतं.

आवाज

हलतं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा आवाज नाही. माझ्या अगदी पहिल्या कामात मी आईची मुलाखत घेतली, तासभर. ती तिच्या वडिलांविषयी अशी बोलली जशी आधी कधी बोलली नव्हती. शेजारच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर मला ऐकू आलीच नाही. घरच्या आवाजांची कानाला सवय असते. माइकने ती घरघर प्रामाणिकपणे टिपली. आवाज साफ करायला गेले तर आईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, पण ती सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगत होती. तो पहिला तास मला आजही हवा आहे.

तेव्हा खोलीत शिरल्यावर डोळे मिटून एक मिनिट बसा आणि ऐका. पंखा, फ्रिज, पंप, रस्ता. जे बंद करता येतं ते बंद करा. फ्रिज बंद केलात तर घराची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना चालू करायचं विसरणार नाही. कॉलर माइक छातीच्या मधोमध, ओठांपासून वीतभर खाली लावा. कापड त्यावर घासत नाही ना, ते हेडफोन लावून तपासा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असेल तर प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, म्हणजे एडिटमध्ये चित्र आणि आवाज जुळवता येतात.

आणि प्रत्येक जागेचा रिकामा आवाज, कोणीही न बोलता, एक मिनिट. याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधली भेग याने बुजवतात. आपल्यासारख्या फिल्ममध्ये त्याचा आणखी एक उपयोग आहे: एका घराचा रूम टोन दुसऱ्या घराच्या चित्राखाली हळूच घातला की माणूस शरीराने इथे आणि मनाने तिथे आहे, हे एकही शब्द न बोलता ऐकू येतं.

मुलाखत घ्यायची असेल तर

"तुम्हाला स्वतःला कुठलं म्हणवून घ्यावंसं वाटतं?" असा प्रश्न विचारलात की भाषण मिळतं. "नवीन घराचं कुलूप पहिल्या दिवशी कोणी उघडलं? आत काय होतं?" असं विचारा. डोळ्यांसमोर येणाऱ्या गोष्टींबद्दल विचारलं की माणूस तिथे परत जातो. कोणत्या भाषेत बोलायचं ते त्यांना ठरवू द्या, मधेच बदलली तर बदलू द्या, आणि कुठे बदलली त्याची वेळ टिपून ठेवा. तुमच्या फिल्मचे सांधे तिथेच असतात. उत्तर संपल्यावर मनात पाच आकडे मोजा. त्या शांततेनंतर बरेचदा खरं उत्तर येतं. आणि "झालं" म्हटल्यावर लगेच कॅमेरा बंद करू नका. पण चालू आहे हे त्यांना सांगा. लपवून रेकॉर्ड करणं आपल्याच माणसांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

पेटीतलं जुनं सामान

घरात जुनी रिळं सापडली तर नशीब समजा. कोडॅकने सुपर ८ हा घरगुती चित्रीकरणाचा प्रकार १९६५ मध्ये आणला. त्याचं एक रीळ ५० फुटांचं, सेकंदाला १८ फ्रेम या वेगाने जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद चालणारं, आणि सुरुवातीच्या वर्षांत मूक. एवढ्याशा वेळात काय टिपायचं हे घरच्यांनी निवडलेलं होतं, ही निवडसुद्धा साक्ष आहे. ही रिळं घरच्या प्रोजेक्टरवर चालवून बघण्याचा मोह आवरा. सुकलेली फिल्म तुटते. जाणकाराकडून स्कॅन करून घ्या. ऑडिओ कॅसेट १९६३ पासूनच्या, व्हीएचएस १९७६ पासूनच्या. दोन्हींची चुंबकीय पट्टी वर्षागणिक झिजते आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मिळ होत चालली आहेत. तेव्हा फिल्मचं पुढे काही होवो न होवो, कॅसेटी आधी उतरवून घ्या.

जुन्या फोटोंचे फोटो फोनने काढू नका, स्कॅन करा. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. फुल एचडी फिल्ममध्ये चेहऱ्यापर्यंत सावकाश जवळ जायला एवढं पुरतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. तिथे कोणाच्या तरी हस्ताक्षरात, कोणत्या तरी लिपीत काही लिहिलेलं असतं.

संकलन

शूट संपल्या दिवशीच फुटेजच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. मुलाखती असतील तर शब्दन्‌शब्द उतरवून काढा, छापा, आणि आधी कात्री घेऊन कागदावर एडिट करा. कंटाळवाणं आहे. तरी करा, याने आठवडे वाचतात.

पहिलं जोडकाम दुप्पट लांब येईल. घाबरू नका. कापताना सगळ्यात आधी ती वाक्यं काढा जी चित्रात दिसतंय तेच सांगतात. पुढच्या प्रसंगाचा आवाज आधीच्या चित्रावर एखादा सेकंद आधी सुरू करून बघा. आठवणीवर चालणाऱ्या फिल्मला ही जोडणी फार मानवते.

आणि आता तो क्षण. अधिकारी बोलून थांबला. वडील म्हणाले, "काय म्हणाले?" मुलगी उत्तर देण्याआधी किती थांबते? २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर २५ फ्रेम म्हणजे एक सेकंद. तिचा चेहरा २५ फ्रेम धरा: ती पटकन, सवयीने गाळते आहे, हे तिने आधी खूपदा केलं आहे असं वाटतं. ५० फ्रेम धरा: ती शब्द शोधते आहे. ७५ धरा: ती ठरवते आहे, आणि आज पहिल्यांदाच ठरवते आहे. तिन्ही वेगळ्या मुली आहेत. तुमची कोणती, हे एडिटरला विचारू नका; तुम्हालाच माहीत असायला हवं, कारण वही तुमची आहे.

कच्चं एडिट दोघांना दाखवा: एक ज्याला घरची भाषा येते, एक ज्याला येत नाही. काही न बोलता बसा. मग एकच विचारा, "कुठे कंटाळा आला?" "आवडली का?" हे विचारू नका, सगळे हो म्हणतात.

गाणं वापरण्याआधी

आजीला आवडणारं जुनं गाणं फिल्मखाली घालावंसं वाटणारच. पण गाण्यावर दोन हक्क असतात, शब्द-चालीचा वेगळा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. दोन्हींची परवानगी लागते. मागे रेडिओवर वाजत असेल तरीही लागते, म्हणून शूटच्या वेळी रेडिओ बंदच ठेवा. आजीला स्वतःला गुणगुणायला सांगितलंत तर ध्वनिमुद्रण तुमचं होतं, शब्द-चालीचा प्रश्न मात्र उरतो. फार जुनी, पिढ्यानुपिढ्या तोंडातोंडी आलेली, कोणा एकाची नसलेली रचना असेल तर वाट मोकळी असते. आणि आपल्या उदाहरणाला संगीताची गरज आहे असं मला मुळीच वाटत नाही. शिक्क्याचा आवाज आहे.

दाखवायची कुठे

मास्टर प्रत सबटायटल न छापता काढा आणि सबटायटलची फाइल वेगळी ठेवा, म्हणजे उद्या तिसऱ्या भाषेत करता येतील. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँसारखा महोत्सव फक्त लघुपटांचाच आहे. अशा ठिकाणी पाठवण्याआधी नियम शब्दशः वाचा. बऱ्याच महोत्सवांना इंटरनेटवर आधीच खुली केलेली फिल्म चालत नाही. तोवर पासवर्ड लावलेली लिंक द्या. अर्जातल्या ओळींत आता ते पहिल्या पानावरचे शब्द वापरू शकता.

पण पहिला खेळ घरी. ज्यांची गोष्ट आहे त्यांना, बाहेरच्या कोणाला बोलावण्याआधी. त्यांना मधेच थांबवून बोलायचं असेल तर थांबवा. फिल्म नंतर पुन्हा लावता येते.

त्याच दिवशी आणखी एक काम करा. मुलाखतींचं न कापलेलं, पूर्ण रेकॉर्डिंग घरातल्या प्रत्येकाला एका ड्राइव्हवर द्या, बोलणारी खोकते आहे, थांबते आहे, "हे बंद कर आता" म्हणते आहे, ते सगळं ठेवून. फाइलच्या नावात तारीख, जागा आणि बोलणारीचं पूर्ण नाव घाला, तिला घरात ज्या नावाने हाक मारतात त्या नावासकट.